ढिगाऱ्याखालच्या बाईला हात कोणी लावायचा?

३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री, बाराच्या सुमारास, अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात जमीन हादरली. तीव्रता ६.०. आकडा काही फार मोठा नाही. पण केंद्र जमिनीखाली जेमतेम आठ किलोमीटर, डोंगरउतारावर दगडमातीची घरं, आणि माणसं झोपेत. २,२०० च्या वर जीव गेले. दरडींनी रस्ते बंद झाले. नूरगल, चौकायच्या वाड्यांपर्यंत पोहोचायला एक तर हेलिकॉप्टर, नाही तर पायपीट. ज्यांनी किल्लारी पाहिलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथंही दगडमातीच्या भिंतींनीच झोपेतली माणसं मारली.

इथवर भूकंप. पुढचं माणसांनी केलेलं.

तिथून बातम्या आल्या, की परक्या पुरुषानं बाईला हात लावायचा नाही म्हणून बचावपथकं जखमी बायकांना मागे ठेवत होती. मग बायकांना बायकांनीच वाचवावं ना? तर डिसेंबर २०२२ मध्ये तालिबाननं बायकांना स्वयंसेवी संस्थांत काम करायला बंदी घातली. डिसेंबर २०२४ मध्ये नर्सिंग आणि दाईचं शिक्षणही बंद केलं. म्हणजे पुरुषानं शिवायचं नाही आणि बाईनं शिकायचं नाही! शेवटी महिला मदतनीसांवरचे निर्बंध उठवा, असं जागतिक आरोग्य संघटनेला सांगावं लागलं.

आपल्याकडे ग्रुपवर काय फिरत होतं? ‘अल्लाहचा अजाब.’ आईच्या कुशीत झोपलेल्या लेकरांचा गुन्हा कोणता, हे तेवढं कोणी लिहिलं नाही.

आणि याला शरियत म्हणू नका. जीव वाचवायची वेळ आली की एरवी मना असलेली गोष्टही जायज होते, हे फिकहचं जुनं, सर्वमान्य तत्त्व आहे. खुद्द पैगंबरांच्या (स.) काळात रुफैदा असलमिया यांचा तंबू मशिदीत होता, आणि खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना उपचारासाठी तिथंच ठेवलं होतं. बाई नर्स, पुरुष रुग्ण, जागा मशीद.

अमेरिकेनं त्याच वर्षी मदत तोडली आणि तिथले शेकडो दवाखाने बंद पडले, तो हिशेबही मांडलाच पाहिजे. पण त्याच्या आडोशाला तालिबानला लपवू नये. माझ्या वर्गातल्या मुली बारावीनंतर नर्सिंगचे फॉर्म भरतात, त्यांचे अब्बा रांगेत उभे राहतात. कुनारच्या मुलीला सहावीच्या पुढे शाळाच नाही.

अफगाणिस्तानसाठी चंदा गोळा करणाऱ्या आपल्या जमातींनी पैसे जरूर पाठवावेत. सोबत एक पत्रही पाठवावं, उर्दूत: दाईचे वर्ग कधी उघडता?