टोला जोराचा कीं नेमाचा?

गेल्या हिवाळ्यांत आमच्या शाळेच्या क्रीडांगणावर पिकलबॉलच्या दुहेरी सामन्यांचा अखेरचा डाव झाला. आमच्या दोन विद्यार्थ्यांची जोडी १० विरुद्ध ७ अशी पुढें होती. विजयास एकच गुण हवा होता. कडेला उभ्या असलेल्या मंडळींनीं "मार, जोरानें मार!" असा गजर चालविला. मुलानें सारें बळ एकवटून टोला हाणला आणि चेंडू मागच्या रेषेपलीकडे गेला. पुढेंही वारंवार तेंच झालें. शेवटीं प्रतिपक्षानें तो डाव १२ विरुद्ध १० असा जिंकला. खेळ संपल्यावर मुलगा मान खालीं घालून निघून गेला, आणि त्यास दोष देणारे पुष्कळ निघाले. आमच्या मतें दोष त्याचा थोडा, व कडेनें ओरडणाऱ्या आम्हां सर्वांचा अधिक होता. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा खेळ फार जुना नाहीं. अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहराजवळच्या बेनब्रिज बेटावर १९६५ सालीं जोएल प्रिचर्ड, बिल बेल व बार्नी मॅकॅलम या तिघांनीं तो घरच्या मंडळींच्या करमणुकीसाठीं रचला. बॅडमिंटनचें जुनें कोर्ट होतें, परंतु साहित्य पुरेसें नव्हतें. म्हणून टेबल-टेनिसच्या फळ्या व भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन खेळ सुरू झाला, आणि पुढें जाळें खालीं उतरविण्यांत आलें. आजही कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेंच, म्हणजे ४४ फूट लांब व २० फूट रुंद असतें. जाळें कडेला ३६ इंच व मध्यभागीं ३४ इंच उंच असतें. जाळ्याच्या दोन्ही अंगांस सात सात फुटांचा पट्टा असतो, व त्यांत उभें राहून टप्पा पडण्यापूर्वीं चेंडू मारण्यास मनाई आहे. टेनिसचें कोर्ट ७८ फूट लांब असतें. तेव्हां येथें नुसत्या बळास किती थोडी मोकळीक आहे, तें सहज ध्यानांत येईल.

चेंडू जितका वेगानें जातो तितका त्यास खालीं येण्यास वेळ कमी मिळतो. जाळें तर ओलांडावयाचें आणि रेषेच्या आंतही पडावयाचें, अशी दुहेरी अट असल्यामुळें वेग वाढला कीं चुकीस जागा कमी होते. त्यांतून चेंडू गुडघ्याजवळ आला असेल तर तो वरच्या दिशेनेंच मारावा लागतो. अशा चेंडूंत जोर भरला, तर एक तर तो बाहेर जातो, नाहीं तर प्रतिपक्षाच्या खांद्याएवढा उंच जाऊन त्यास आयताच स्मॅश मारावयास मिळतो. म्हणून जाणत्या खेळाडूंचा नियम साधा आहे: जाळ्याहून खालचा चेंडू हळुवार ठेवावा, जाळ्याहून वरचा चेंडू जोरानें मारावा. त्या दिवशीं आमच्या मुलानें गमावलेले बहुतेक चेंडू गुडघ्याखालचे होते.

आतां जोर येतो कोठून, हें पाहूं. पुष्कळ मुलांची समजूत अशी कीं, हात जितका मागें न्यावा तितका टोला बळकट. ही समजूत खोटी आहे. हात फार मागें गेला कीं चेंडू गांठण्यास उशीर होतो आणि पॅडलाचें तोंड भलतीकडे वळतें. खरा जोर जमिनीपासून निघतो. गुडघे किंचित् वांकवावे, मागच्या पायावरील भार पुढच्या पायावर आणावा, त्याबरोबर कंबर व खांदा फिरावा, आणि हात त्यांच्या मागोमाग यावा. चेंडू शरीराच्या पुढें गांठावा. अंगाशीं येऊं दिला कीं निम्मा जोर गेला. मूठही आवळून धरूं नये. लांकूडतोड्या कुऱ्हाड दिवसभर मुठींत आवळून धरीत नाहीं. घाव बसतो त्या क्षणापुरतीच मूठ घट्ट होते. सदा ताठलेला हात मंदावतो, आणि हळुवार चेंडू तर त्याच्यानें मुळींच खेळवत नाहीं.

आणखी एक युक्ति आहे. पॅडल चेंडूच्या मागून खालून वर घासत नेलें, म्हणजे चेंडू पुढच्या बाजूस गरगर फिरूं लागतो व हवेच्या रेट्यानें लवकर खालीं वळतो. त्यामुळें टोला जोराचा असूनही रेषेच्या आंत पडतो. परंतु ही युक्ति नेम बसल्यावरची आहे, आधींची नव्हे.

अभ्यासाचा क्रम आम्ही असा सुचवितों. कोर्टाच्या दूरच्या कोपऱ्यांत खडूनें एक चौकोन काढावा. अर्ध्या जोरानें दहा चेंडू मारावे. आठ आंत पडूं लागले कीं जोर थोडा वाढवावा. सहाहून कमी पडले तर पुन्हां मागें यावें. विटीदांडू खेळणाऱ्यास हें नवें नाहीं. विटी आधीं हलकेंच उडवावी लागते. तिच्यावर नजर न ठेवतां जो नुसता दांडू फिरवितो, तो वाऱ्यालाच टोला देतो.

कोणी म्हणतील कीं, अशानें मुलें भित्रीं होतील, आणि नव्या पॅडलांमुळें तर खेळ दिवसेंदिवस वेगवान होत चालला आहे. यांत तथ्य आहे. खांद्यावर आलेला चेंडूही जो भीतभीत ढकलतो, तो जिंकावयाचा नाहीं. आमचा आक्षेप जोरावर नाहीं, क्रमावर आहे. ज्यास हळू खेळतां येतें तो जोर केव्हां करावा हें निवडूं शकतो. ज्यास केवळ जोरच येतो त्यास निवडच उरत नाहीं.

पालकवर्गास आमची विनंती एवढीच कीं, मुलानें जाळ्यालगत अलगद ठेवलेल्या चेंडूसही टाळी द्यावी. आजवर आपण स्मॅशलाच टाळ्या देत आलों, आणि मुलें टाळ्यांच्या मागें गेलीं. तो विद्यार्थी सध्यां रोज सायंकाळीं खडूचा चौकोन काढून एकटाच सराव करतांना आम्ही पाहतों. येत्या हिवाळ्यांत तो पुन्हां कोर्टावर उतरेल, तेव्हां कडेनें "मार" असें कोणीं ओरडूं नये. कोणता चेंडू मारावयाचा हें त्याचें त्यास ठरवूं द्यावें.