मातीत लोखंड, तरी पान पिवळे



परवा एका वस्तीवर भुईमूग पाहिला. शेंडे पिवळे पडले होते. 'लोह कमी पडले' असे कोणी सांगितले, म्हणून घरधन्याने लोहाराकडचा गंजका चुरा आणून ओळीत टाकला होता. कष्ट झाले, पण पान हिरवे झाले नाही. असे का?

लोखंडाची खनिजे आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. पोळ्याला बैलाच्या अंगावर ज्याचे छाप उठवतो, त्या गेरूचा लाल रंग हेमॅटाइटचा. शुद्ध हेमॅटाइटच्या 100 भागांत 70 भाग लोह असते. रेडी, सुरजागड आणि गोव्याच्या खाणींतही मुख्यतः तेच निघते. पिवळ्या मातीचा रंग गोएथाइटचा. त्यात लोहाबरोबर पाणी बांधलेले असते. भट्टीत ते उडून जाते, म्हणून पिवळट माती भाजली की लाल होते. ओढ्याकाठची काळी चकचकीत रेती लोहचुंबकाला चिकटते, ती मॅग्नेटाइटमुळे.

म्हणजे मातीत लोह भरपूर आहे. पण प्राणवायूने ते घट्ट धरून ठेवले आहे. गंजही त्यातलाच. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि मुळे तर विरघळलेलेच लोह घेतात. चुनखडीच्या जमिनीत ते आणखीच कमी विरघळते. कणगी भरलेली, पण तोंड लिंपलेले, अशी गत!

आधी पान नीट पाहा. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोहाची उणीव समजा. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली, तर बहुधा नत्र कमी आहे.

लोहाची उणीव असेल तर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस आणि 10 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. द्रावण ताजेच वापरा. हिराकस हिरवट पाहून घ्या. तपकिरी झालेला घेऊ नका, कारण त्यातल्या लोहाचाही गंज होऊ लागलेला असतो. नवी पालवी पिवळीच आली, तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारा. जमिनीतून द्यायचे तर हिराकस कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या आणि शेतात पाणी साचू देऊ नका.

गंजका चुरा लोहाराकडेच राहू द्या. पुढच्या हंगामाआधी माती मात्र तपासून घ्या.