आवाजाची साक्ष, वऱ्हाडी बोलीत

फेरफाराच्या नोंदीसाठी कुणी पैसे मागितले, की शेतकरी धीर करून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातो. पडताळणीसाठी त्याच्या खिशात छोटा रेकॉर्डर ठेवतात, सोबत पंच देतात. वाशिमसारख्या जिल्ह्यात सामान्य माणसाच्या हाती एवढा भक्कम पुरावा क्वचितच येतो. पुढे न्यायालयात आरोपी म्हणतो, ‘हा आवाज माझा नाहीच.’

कायद्याने यावर उत्तर दिले आहे. मुंबईच्या कॉरोनरविरुद्धच्या मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच ध्वनिमुद्रण ग्राह्य धरले. मात्र आवाजाची ओळख पटली पाहिजे आणि मुद्रणात छेडछाड झालेली नसावी, हे बजावूनच. आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, हे २०१९ च्या रितेश सिन्हा निकालाने ठरले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्येही ती तरतूद आहे.

प्रश्न उरतो तो नमुना कसा घेतला जातो, याचा. स्वरतंतूंच्या कंपनांवर आवाजाची पट्टी ठरते. घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळ्यांमुळे त्यातल्या काही कंप्रता ठळक होतात. तज्ज्ञ दोन्ही मुद्रणांतले तेच शब्द आलेखावर शेजारी ठेवून तपासतात. पण मागणी फोनवर झाली असेल, तर साधा फोन जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पुढे नेतो. सर्दीने, भीतीने आवाज पालटतो. खिशातल्या कापडाची खसखस वेगळीच.

त्यात इथली बोली. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ म्हणणाऱ्याच्या हाती नमुन्यासाठी पंचांसमोर कागद दिला, की तो ‘मला’, ‘तुला’, ‘कशाला’ वाचू लागतो. एरवी ‘काया’ म्हणणारा जपून ‘काळा’ उच्चारतो. पोहरादेवी परिसरातल्या गोरमाटी (बंजारा) भाषकाची मराठी वाचतानाची लय तर आणखी निराळी. मग जुळवायचे कशाशी?

म्हणून नमुना कागद वाचवून घेऊ नये. बोलीतल्या सहज संभाषणातून, तेच शब्द येतील अशा बेताने घ्यावा. दोन आवाज जुळले एवढ्याने भागत नाही. याच भागातल्या आणखी किती जणांचा आवाज तसा असू शकतो, हेही तज्ज्ञाला सांगता आले पाहिजे. त्यासाठी वऱ्हाडी आणि गोरमाटी आवाजांचा संग्रह हवा. न्यायसहायक प्रयोगशाळा आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने लोकांच्या संमतीने तो उभारावा. आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी साधने आता मोबाइलवर आली असताना हे काम लांबवणे परवडणारे नाही.

कच्च्या तपासणीने लाचखोर सुटतो, तसा निर्दोषही अडकू शकतो. रेकॉर्डर खिशात घालून साहेबापुढे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याने आपले काम केले आहे. त्याचे धाडस वाया जाऊ न देणे हे आता नमुना घेणाऱ्यांच्या हाती आहे.