ऋद्धी-वृद्धीच्या नावाने सह्याद्रीतील कंद नकोत

अष्टवर्गातील द्रव्यांची दुर्मिळता हा आपल्या शास्त्रातील नवा विषय नाही. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी भावप्रकाशात हा वर्ग राजांनाही दुर्लभ असल्याचे नमूद केले आणि प्रत्येक जोडीसाठी प्रतिनिधी द्रव्य सांगितले. मेदा-महामेदेच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारी, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा आणि ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराही. इतका स्पष्ट निर्देश असूनही 'अस्सल अष्टवर्गयुक्त' या शब्दांचे आकर्षण कमी झालेले नाही. त्या आकर्षणातूनच एक विचार अलीकडे वारंवार कानी पडतो. ऋद्धी आणि वृद्धी ही ऑर्किडे आहेत, त्याच गणातील ऑर्किडे आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर पावसाळ्यात फुलतात, मग तीच का घेऊ नयेत? भोंगवलीसारख्या गावांतून व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांना हा प्रश्न दूरचा नाही. कंदमुळे आणून देणारी माणसे आपल्या ओळखीची असतात आणि आपण मागणी केली तर ती पुरी होते. म्हणूनच या विचाराची परीक्षा वर्गीकरण, प्रसार आणि परागण या तिन्ही अंगांनी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम वर्गीकरण पाहू. आधुनिक अभ्यासकांनी ऋद्धी म्हणून हॅबेनारिया इंटरमीडिया ही जाती स्वीकारली आहे, तर वृद्धी म्हणून हॅबेनारिया एजवर्थी. जीवक व ऋषभक या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीही याच कुलातील आहेत. म्हणजे अष्टवर्गातील आठांपैकी चार द्रव्ये ऑर्किडे ठरतात. हॅबेनारिया ही प्रजाती विल्डेनो या जर्मन शास्त्रज्ञाने 1805 मध्ये स्थापन केली. लॅटिन भाषेत 'हॅबेना' म्हणजे लगाम किंवा चामड्याचा पट्टा. फुलाच्या पट्ट्यासारख्या अवयवांवरून हे नाव पडले. मराठीत या प्रजातीला 'हबे-आमरी' असे नाव रूढ होत आहे. जगभरात तिच्या सुमारे आठशे जाती असून भूमीवर वाढणाऱ्या ऑर्किडांत ही सर्वांत मोठ्या प्रजातींपैकी एक आहे.

आठशे जातींच्या प्रजातीत 'एकाच प्रजातीतील' या शब्दांना औषधी दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही. सोलॅनम या प्रजातीत बटाटा आहे, वांगे आहे आणि कंटकारीही आहे. कोणी वैद्य कंटकारीच्या जागी वांगे वापरत नाही. शिवाय या प्रजातीच्या सीमाही स्थिर नाहीत. वृद्धी म्हणून मानलेली जाती आता प्लॅटँथेरा या वेगळ्या प्रजातीत गणली जाते. पेरिस्टायलस, पेक्टेलिस आणि हॅबेनारिया यांतील भेद किंजल्काची ठेवण आणि ओष्ठाचे स्वरूप अशा सूक्ष्म लक्षणांवर ठरतात. ती लक्षणे फुलात असतात, कंदात नसतात. वाळलेला कंद हातात घेऊन त्याची जाती सांगणे तज्ज्ञासही अवघड आहे, मग विक्रेत्याच्या शब्दावर आपण कसे विसंबावे? भावप्रकाशातील वामावर्त व दक्षिणावर्त फळाचे लक्षणही कंदावरून तपासता येत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता प्रसाराचा विचार करू. हॅबेनारिया इंटरमीडिया ही हिमालयातील जाती. सह्याद्रीतील हबे-आमरी तिच्याहून निराळ्या आहेत. महाराष्ट्रात या प्रजातीच्या वीसहून अधिक जाती आढळतात. पहिल्या पावसानंतर जमिनीला चिकटलेल्या गोल पानातून पांढरी फुले उभारणारी हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, दात घासण्याच्या ब्रशाप्रमाणे फुले एकाच बाजूस धरणारी हॅबेनारिया हायनियाना, शेवाळलेल्या खडकांवरील हॅबेनारिया रॅरिफ्लोरा आणि बोटभराहून लांब शुंडिका असणारी हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा या त्यांपैकी काही. शेवटच्या जातीचे नाव मुंबईच्या जॉन ग्रॅहॅम यांनी 1839 च्या आपल्या वनस्पतिसूचीत दिले. पुढे ब्लॅटर व मॅकॅन यांनी, आणि त्यांच्यानंतर फादर सान्तापाव व कापडिया यांनी 1966 च्या 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' या ग्रंथात आपल्या भागातील ऑर्किडांची व्यवस्थित नोंद केली. हॅबेनारिया पांचगणिएन्सिस हे नाव तर आपल्या शेजारच्या पाचगणीवरूनच आले.

या जाती सर्वत्र सारख्या पसरलेल्या नसतात. भोर तालुक्याच्या पूर्व भागात, भोंगवलीकडे, पाऊस बेताचा. पश्चिमेस वरंध घाट, रायरेश्वर आणि वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील तोरण्याकडे जावे तसा तो वाढत जातो. माथ्यावरील सडे, त्यांवरील वीतभर मातीचा थर, चार महिने पाणी आणि आठ महिने ऊन, अशा चौकटीत ही ऑर्किडे जगतात. एखाद्या सड्यावर शेकडो रोपे दिसली म्हणून ती विपुल आहेत असे समजणे चुकीचे ठरेल, कारण शेजारच्या डोंगरावर त्यांपैकी एकही नसू शकते.

तिसरे अंग परागणाचे, आणि आमच्या मते तेच निर्णायक आहे. हबे-आमरीचा मधुरस शुंडिकेच्या तळाशी असतो. तेथवर पोहोचण्यास लांब सोंडेचा कीटक लागतो आणि या प्रजातीतील पुष्कळ जातींत हे काम पतंग करतात. पांढरी वा फिकट हिरवी फुले आणि सायंकाळनंतर येणारा गंध ही पतंगांसाठी केलेली निसर्गाची व्यवस्था होय. पतंग सोंड आत घालतो तेव्हा चिकट बुंध्याचे परागपुंज त्याच्या सोंडेस किंवा डोळ्यास चिकटतात आणि पुढच्या फुलाच्या किंजल्कावर जातात. चार्ल्स डार्विन यांनी 1862 मध्ये मादागास्करच्या एका ऑर्किडाची फूटभर शुंडिका पाहून तितक्याच लांब सोंडेचा पतंग असला पाहिजे असे भाकीत केले. त्या पतंगाचे वर्णन 1903 मध्ये, म्हणजे डार्विन यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांनी, प्रसिद्ध झाले. पुढे 1988 मध्ये निल्सन या स्वीडिश संशोधकाने हबे-आमरीच्या निकटच्या प्लॅटँथेरा प्रजातीत शुंडिका कृत्रिमरीत्या आखूड केल्या, तेव्हा परागण घटल्याचे दिसले. फूल आणि पतंग यांचे माप इतके परस्परांस जुळलेले असते.

हा पतंग केवळ ऑर्किडावर जगत नाही. त्याच्या अळीला दुसऱ्याच वनस्पती लागतात. लांब सोंडेच्या अशा एका सर्वपरिचित पतंगाची अळी रताळ्याच्या कुळातील वेलींवर वाढते. शेताच्या बांधावरील वेल, रानातील फूल आणि रात्रीचा अंधार हे तिन्ही असतील तर परागण होते. परागण झाले तरी काम संपत नाही. बोंडातील सहस्रावधी बिया धुळीसारख्या सूक्ष्म असून त्यांत पोषक पुष्क नसतो. मातीत योग्य कवक भेटले तरच बी रुजते. एका कंदाआड अशी दीर्घ साखळी उभी असते.

आणि खणण्याची वेळ कोणती? हबे-आमरी ओळखता येते ती फुलात असताना. त्या वेळी तिच्या मुळाशी बहुधा दोन कंद असतात. एक गेल्या वर्षीचा, सुरकुतत चाललेला, आणि दुसरा पुढील वर्षासाठी भरत असलेला. दोन्ही काढले की या वर्षीचे बीज आणि पुढील वर्षीचे रोप एकाच वेळी नष्ट होते. चरकाचार्यांनी कल्पस्थानात कंद शरद ऋतूत घेण्यास सांगितले आहे. फुलातील रोप पावसात उपटणे हे शास्त्राच्या संग्रहविधीसही सोडून आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ज्या देशाचा मनुष्य त्याच देशाचे औषध त्यास हितकर, हे आपलेच तत्त्व आहे. तत्त्व मान्य आहे. परंतु ते ज्ञात गुणांच्या द्रव्यास लागू आहे. रस, वीर्य, विपाक न तपासलेला कंद केवळ आपल्या डोंगरावर उगवला म्हणून ऋद्धी ठरत नाही. दुसरा आक्षेप असा की, सड्यांवरील रस्ते, भूखंड आणि बांधकामे यांनी होणाऱ्या हानीपुढे वैद्यांनी नेलेले मूठभर कंद ते काय? हानी मोठी आहे हे खरे. तथापि भूखंड पाडणे थांबविणे आपल्या एकट्याच्या हाती नाही, मागणी थांबविणे मात्र पूर्णतः आपल्या हाती आहे. मोठ्या अपराधाकडे बोट दाखवून लहान अपराध क्षम्य होत नाही.

विशेष म्हणजे पर्याय आपल्या दारात आहे. वाराहीकंद, ज्यास आपल्याकडे डुक्करकंद वा कडू कारांदा म्हणतात, त्याच्या वेलीवर पानांच्या बगलेत लहान कंद धरतात. ते पुरले की नवी वेल येते. परागण, पतंग वा कवक यांची प्रतीक्षा नाही. भोंगवलीच्या बांधांवर त्याची लागवड कोणीही करू शकेल. त्याची कटुता आणि त्यावरील संस्कार आपल्या वैद्यांस परिचित आहेतच. च्यवनप्राशात जीवक-ऋषभकाचा प्रतिनिधी असलेली विदारी मूळ पाठातच आहे. योगात द्रव्य पुन्हा आल्यास त्याचे मान द्विगुण घ्यावे हा शार्ङ्गधरांचा नियमही उपलब्ध आहे. शास्त्राने वाट आखून दिली असताना आडवाटेने जाण्याचे कारण दिसत नाही.

यास्तव वैद्यबंधू-भगिनींस आमची विनंती आहे. स्थानिक ऑर्किडांचे कंद कोणत्याही नावाने खरेदी करू नयेत. कल्पात प्रतिनिधी द्रव्य वापरले असल्यास आवरणपत्रावर तसे नि:संकोच लिहावे, त्यात कमीपणा नाही. द्रव्यगुणाच्या सहलीत विद्यार्थ्यांकडून हबे-आमरी मुळासकट उपटवून घेण्याची प्रथा बंद व्हावी. छायाचित्र, स्थळ, दिनांक आणि फुलाचे वर्णन एवढे हर्बेरियमच्या वहीस पुरेसे आहे. ऑर्किड कुलातील सर्व जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइट्स' कराराखाली नियंत्रित आहेत, याचेही भान ठेवावे.

वनौषधी नावाने व रूपाने गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी जाणतात, असे चरकाचार्य सांगतात. रायरेश्वराच्या माथ्यावर गुरे राखणाऱ्यास कोणते फूल कोठे येते हे ठाऊक असते. आपण त्याला कंद मागितला तर तो कंद आणील, फूल दाखव म्हटले तर फूल दाखवील. आपण काय मागावे हा निर्णय वैद्याचा आहे, आणि तो विचारपूर्वक घेतला जावा एवढीच आमची अपेक्षा आहे.