गिटार, विमान आणि 'नाजूक' लिहिलेला कागद

आजचा विषय कोडिंगचा नाही. विमानातून गिटार नेण्याचा आहे. ज्यांच्याकडे गिटार नाही त्यांनी तिच्या जागी तानपुरा, सतार, व्हायोलिन, काहीही धरावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. काउंटरवर वाद्याला जो 'नाजूक' असा लाल कागद चिकटवतात, त्याने वाद्याचं रक्षण होत नाही. होतं ते फक्त आपलं समाधान. एकदा वाद्य पट्ट्यावरून आत गेलं की ते वाद्य राहत नाही, 'नग' होतो. आणि नगाशी जसं वागायचं तसंच त्याच्याशी वागलं जातं.

आमच्या टीममधला एक मित्र तीन वर्षं ऑनसाइट राहून परत आला. येताना चांगली महागडी अकूस्टिक गिटार घेऊन आला, तीही हार्ड केसमध्ये. मुंबईला केस हातात आली तेव्हा बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. घरी उघडली तर आत मान मोडलेली! कंपनीचं (नाव कशाला घ्या) उत्तर असं की केस शाबूत आहे, म्हणजे नुकसान आमच्याकडे झालेलं नाही.

आता यात इंजिनिअरिंग काय आहे ते बघा. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण 70 किलोच्या आसपास असतो. गिटारचं डोकं, म्हणजे जिथे खुंट्या असतात तो भाग, बऱ्याच गिटारींत मागे कललेलं असतं. गिब्सनच्या अनेक मॉडेलमध्ये हा कल 14 ते 17 अंशांचा आहे. खुंट्यांचं लोखंडी वजन नेमकं टोकाला आणि लाकूड सगळ्यात बारीक नेमकं त्याच्या खाली. केस उभी असताना पाठीवर आडवी पडली की धड जागच्या जागी थांबतं, पण डोकं पुढे जायला बघतं. गाडीला मागून धक्का बसल्यावर आपल्या मानेला जो हिसका बसतो, तोच प्रकार. म्हणून केसवर ओरखडा नसतानाही मान मोडू शकते. 'केस शाबूत आहे' हा पुरावाच नाही, बॉस.

बरं, दोष भलत्याच गोष्टीला देऊ नये. पुष्कळांना वाटतं की सामानाच्या कप्प्यात हवेचा दाब नसतो आणि वाद्य तिथे फुटतं. तसं नाही. प्रवासी विमानात तो कप्पाही केबिनसारखाच दाबाखाली असतो. थंडी आणि कोरडी हवा लाकडाला त्रास देतात हे खरं, पण मोठा शत्रू म्हणजे पडणं.

त्यामुळे पॅकिंग करताना 'सांभाळून नेतील' असं न धरता 'पडणारच आहे' असं धरायचं. आपण सर्व्हर बंद पडणार हे धरूनच सिस्टिम बांधतो ना? तसंच.

मानेखाली, डोक्याखाली आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना मऊ कपडे ठासून भरा. डोकं हवेत लटकता कामा नये. केस बंद करून हलवा, आतून आवाज आला तर अजून भरा. तारा एक-दोन स्वर खाली उतरवा, पण साफ सोडू नका, कारण मानेतला लोखंडी गज उलट बाजूने ओढत असतो. निघण्याआधी फोटो काढा, सिरियल नंबर लिहून ठेवा, नाव आणि फोन नंबर केसच्या बाहेर आणि आतही ठेवा. तानपुरा असेल तर भोपळ्याच्या सगळ्या बाजूंनी भरती हवी, तो एकदा तडकला की कारागिराशिवाय इलाज नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालेला तानपुरा मुंबईहून लंडनला धड पोचेल याची हमी मात्र त्यात नाही!

आता पैशाचा भाग. तो रुक्ष आहे, पण वाचाच.

1929 च्या वॉर्सा कराराने नोंदवलेल्या सामानाची भरपाई वजनावर ठरवली, किलोमागे 250 सुवर्ण फ्रँक. पुढच्या काळात हा हिशोब किलोला साधारण 20 डॉलर असा धरला जायचा. म्हणजे केससकट पाच किलोची गिटार घ्या, 100 डॉलर! माझं गाव हट्टा, वसमत तालुक्यातलं. वसमतची बाजारपेठ हळदीची. हळदीला वजनावर पैसे मिळतात, ते बरोबरच आहे. पण हळदीचा हिशोब गिटारला कसा लागू होणार?

1999 च्या माँट्रियल कराराने वजन काढून टाकून प्रवाशामागे मर्यादा आणली. भारत त्यात 2009 मध्ये सामील झाला. डिसेंबर 2024 पासून ही मर्यादा 1,519 एसडीआर आहे, म्हणजे दोन हजार डॉलरच्या आसपास. देशांतर्गत प्रवासासाठी आपल्या सरकारने 2014 मध्ये ठरवलेली मर्यादा होती 20,000 रुपये. चांगलं वाद्य या दोन्ही आकड्यांत बसत नाही.

पण त्या करारात आपल्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. एक, सामान देतानाच जास्त किमतीची विशेष घोषणा करता येते, लागल्यास जादा पैसे भरून. दोन, मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. तीन, काउंटरवर 'आमची जबाबदारी नाही' असं लिहिलेल्या टॅगवर सही घेतात ना, तर जबाबदारी झटकणारी अशी अट करारानुसार रद्दबातल ठरते. नुकसान वस्तूच्या मूळ दोषामुळे झालं असं मात्र कंपनी म्हणू शकते. म्हणून पॅकिंगचे फोटो हवेत. आणि विमानतळ सोडण्याआधी केस उघडून बघाच.

डेव्ह कॅरोलची गोष्ट आठवत असेल. 2008 मध्ये युनायटेडच्या प्रवासात त्याची 3,500 डॉलरची टेलर गिटार मोडली. दुरुस्तीला 1,200 डॉलर लागले. 24 तासांत दावा केला नाही म्हणून कंपनीने नकार दिला. 2009 मध्ये त्याने त्यावर गाणं केलं आणि ते जगभर गाजलं. छान. पण प्रत्येकाने गाणं करायचं का? आणि ज्याला गाणं करता येत नाही, त्याने? 2014 मध्ये उस्ताद अमजद अली खाँ यांचा सरोद लंडनहून दिल्लीला येताना गहाळ झाला आणि काही दिवसांनी सापडला. बातम्या झाल्या. परभणी-हिंगोलीकडच्या एखाद्या हार्मोनियमवाल्याची पेटी फुटली तर कुठे छापून येणार?

माझं म्हणणं असं की प्रश्न हातांचा आहे. आमच्याकडे गावोगावी हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा नमस्कार करून ती आपल्या गळ्यात घेतो. वीणा या क्षणी कोणाकडे आहे हे सगळ्या मांडवाला ठाऊक असतं. विमानतळावर याच्या बरोबर उलटं. काउंटर, पट्टा, ट्रॉली, लोडर, पुन्हा ट्रॉली, इतके हात लागतात आणि एकाचंही नाव माहीत नसतं. भक्तीचं सोडा, मला त्यातली जबाबदारी दिसते.

म्हणून शक्य असेल तर वाद्य केबिनमध्येच न्यावं. नाहीच जमलं तर विमानाच्या दारापाशी द्यावं आणि दारापाशीच परत मागावं, तेवढेच हात कमी लागतात. अमेरिकेने 2012 मध्ये यासाठी कायदाच केला आणि मार्च 2015 पासून त्याचे नियम लागू आहेत. चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल तर गिटार-व्हायोलिन केबिनमध्ये घेऊ द्यावंच लागतं, हातातल्या सामानापेक्षा वेगळे पैसे न लावता. आपल्या डीजीसीएनेही असाच एका परिच्छेदाचा नियम करावा, एवढीच माझी मागणी आहे. आज सगळं काउंटरवरच्या माणसाच्या मूडवर अवलंबून असतं.

आता कोणी म्हणेल, एटीआरसारख्या छोट्या विमानात वरचे कप्पे एवढेसे, गिटार घेतली तर बाकीच्यांच्या बॅगा कुठे जाणार? मुद्दा रास्त आहे. म्हणूनच नियमात 'जागा असेल तर' हे शब्द हवेत. जागा नसेल तर कंपनीने ते सांगावं, किमतीची घोषणा करायचा फॉर्म स्वतःहून पुढे करावा, आणि सामान घेणाऱ्याची सही घ्यावी. आपली सही तर ते घेतातच, मग त्यांची का नको?

तोपर्यंत कपडे ठासा, फोटो काढा, सात दिवस लक्षात ठेवा. आणि तो लाल कागद मिळालाच तर जरूर लावा, दिसायला बरा दिसतो :)