युद्धाचा पंचनामा

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली आणि चाळीस जवान गेले. त्यातले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. त्या आठवड्यात जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता, बदला. दु:खातून आलेल्या त्या रागाला कुणी नावं ठेवू नयेत. पण सहा वर्षांनी, पहलगाम आणि ऑपरेशन सिंदूर पाहिलेल्या वर्षात, चिखलीहून निघणाऱ्या या अंकाला एक गोष्ट बोलून दाखवणं भाग आहे. युद्धावर आपण मत बनवतो ते कशाच्या आधारावर?

यंदाच्या सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात गेलं. उभ्या शेंगांना कोंब फुटले, सखल वावरं खरडून गेली. डोळ्यांना दिसणारं हे नुकसान सरकारला मात्र कागदावर लागतं. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतील, पंचनामा होईल, सातबारा, ई-पीक पाहणी, आधार सगळं जुळेल, तेव्हा कुठे मदतीची गोष्ट. शेतकरी वैतागतो, पण पंचनामा चूक आहे असं म्हणत नाही. पैसा सगळ्यांचा आहे, तर खात्री झालीच पाहिजे, हे त्याला पटतं. एकरभर सोयाबीनला लागते तेवढी खात्री आपण युद्धाच्या वेळी मागत नाही. उलट मागणाऱ्याकडेच संशयानं पाहतो.

पुरावा म्हणताना आपण तीन वेगळे प्रश्न एकात कालवतो. हल्ला कुणी केला, हा पहिला. त्यावर युद्ध हाच उपाय आहे का, हा दुसरा. आणि कारवाईनंतर हाती काय लागलं, काय गमावलं, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर पक्कं मिळालं की दुसरा आपोआप सुटला असं लोक धरून चालतात, आणि तिसरा विचारायचा असतो हेच विसरतात.

पहिल्या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर एका मराठी पोलिसानं मिळवून दिलं. २६ नोव्हेंबर २००८ ला, मुंबईवरच्या हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अतिरेकी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण कसाब जिवंत सापडला. साताऱ्याच्या जावळी खोऱ्यातल्या या माणसाच्या हातात त्या रात्री होती ती फक्त लाठी. पुढे जानेवारी २००९ मध्ये भारतानं पाकिस्तानला पुराव्यांची कागदपत्रं दिली, आणि कटाचा काही भाग पाकिस्तानच्याच भूमीवर शिजला हे फेब्रुवारीत तिथल्या गृहखात्याच्या प्रमुखाला जाहीरपणे मान्य करावं लागलं. एवढा पुरावा असूनही तेव्हाच्या सरकारनं युद्ध केलं नाही. अनेकांना तो भ्याडपणा वाटला, आजही वाटतो. मला वाटत नाही. खटला उघडपणे चालला, आरोपीला वकील मिळाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. जगात भारताचं म्हणणं खरं ठरलं ते या वाटेनं.

याच्या उलटही घडलेलं आहे. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत हातातली छोटी कुपी दाखवत इराककडे महासंहारक अस्त्रं असल्याचं सांगितलं. संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस हान्स ब्लिक्स यांच्या पथकाला इराकभर हिंडून असा साठा सापडला नव्हता. त्यांना आणखी काही महिने हवे होते. ते मिळाले नाहीत. २० मार्चला युद्ध सुरू झालं तेव्हा दहातले सातेक अमेरिकन त्याच्या बाजूनं होते. अस्त्रांचे साठे नव्हतेच, हे पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या स्वतःच्या शोधपथकानं लिहून दिलं. बहुमत तेव्हाही होतं, पुरावा नव्हता. त्या युद्धानंतर अमेरिकेनं भारताकडे सैन्य मागितलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाशिवाय ते देणार नाही, असं वाजपेयी सरकारनं १४ जुलै २००३ ला ठरवलं. तो नकार दिला गेला नसता तर विदर्भातल्या किती घरांत इराकहून तारा आल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही.

आता २०२५. २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरनमध्ये सव्वीस माणसं मारली गेली. त्यात डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे, पनवेलचे एक. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, १० मेला गोळीबार थांबला. मधल्या रात्री वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केलं, इस्लामाबाद घेतलं. यातलं काहीही खरं नव्हतं, आणि ज्यांनी ते दाखवलं त्यांतल्या बहुतेकांना प्रेक्षकांची माफी मागावीशी वाटली नाही. ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे ते घर त्या रात्री काय पाहत बसलं असेल? पुढे भारताची बाजू मांडायला सात शिष्टमंडळं जगभर गेली. त्यांतल्या दोहोंचं नेतृत्व श्रीकांत शिंदे आणि सुप्रिया सुळे या महाराष्ट्राच्या खासदारांकडे होतं. ते योग्यच झालं. पण लोकसभेत चर्चा झाली ती जुलै संपताना. मारलेल्या तीन अतिरेक्यांच्या रायफली आणि बैसरनमधली काडतुसं चंडीगडच्या प्रयोगशाळेत जुळली, हे गृहमंत्र्यांनी तेव्हा सांगितलं. असाच पुरावा लोकांना हवा असतो, तपासता येणारा. आपली विमानं पडली हे मात्र संरक्षणदल प्रमुखांच्या तोंडून पहिल्यांदा कळलं ते ३१ मे रोजी, सिंगापुरात, एका परदेशी वाहिनीला दिलेल्या मुलाखतीत. या देशाच्या संसदेला ते आधी कळायला हवं होतं.

पुरावा मागणं म्हणजे सैन्यावर अविश्वास, असं सर्रास बोललं जातं. पुलवामानंतर झालेल्या बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर शामली आणि मैनपुरीच्या दोन शहीद कुटुंबांनीच पुरावा मागितला होता. त्यांना कोण देशद्रोही म्हणणार? २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये हवाई दलाचं एक हेलिकॉप्टर कोसळलं. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यात गेले. ते आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं, हे हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं ऑक्टोबरमध्ये. दरम्यान लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. चूक कबूल करणाऱ्या अधिकाऱ्याचा मी आदर करतो. पण त्या सात महिन्यांत आपण सगळ्यांनी जे मत बनवलं, ते अर्ध्याच माहितीवर बनवलं.

खामगाव रस्त्यावर पहाटे धावणारी भरतीची पोरं पाहा. कुणाच्या बापाला दोन एकर कोरडवाहू, कुणाला तेही नाही. त्यांच्यातली काही उद्या अग्निवीर होतील. युद्धाचा निर्णय दिल्लीत होतो आणि त्याची पहिली किंमत ही घरं देतात, म्हणून विचारण्याचा पहिला हक्कही त्यांचा.

युद्धाचा असा हिशेब देणं अशक्य नाही. कारगिल युद्ध जुलै १९९९ मध्ये संपलं आणि त्याच महिन्यात वाजपेयी सरकारनं के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली. डिसेंबरात तिचा अहवाल तयार झाला. गोपनीय भाग वगळून तो फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला. गुप्तचर यंत्रणा कुठे कमी पडली हे त्यात लिहिलेलं होतं, आणि त्यानं सैन्याचं मनोबल खचलं नाही. पुलवामा, पहलगाम आणि सिंदूर या तिन्हींसाठी अशीच समिती नेमावी, अशी आमची मागणी आहे. राठोड यांचं चोरपांग्रा बुलढाणा मतदारसंघात येतं, राजपूत यांचं मलकापूर रावेरमध्ये. प्रतापराव जाधव आणि रक्षा खडसे हे इथले दोन्ही खासदार आज केंद्रात राज्यमंत्री आहेत. दिवाळीत ते गावोगाव भेटी देतील. तेव्हा रस्ता, पाणी आणि अतिवृष्टीच्या मदतीबरोबर हेही त्यांना विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ते जसंच्या तसं छापू.