उंबर तुटला की उपाशी कोण राहते?

मावळातल्या वलवण धरणाच्या काठी टाटा पॉवरचे मत्स्यबीज केंद्र आहे. १९७०च्या दशकापासून तिथे महसीरची पैदास होते आणि पिल्ले ठिकठिकाणच्या नद्या-तलावांत सोडली जातात. हे काम मोलाचे आहे. पण पिल्लू पाण्यात सोडले तरी त्याचे पोट एकटे पाणी भरत नाही. महसीर किडे, शेवाळ खातो, तशीच काठच्या झाडांवरून पडलेली फळेही खातो. म्हणजे माशाचे अर्धे कोठार जमिनीवर उभे आहे, आणि कुऱ्हाड चालते ती तिथेच.

उंबराचेच पाहा. उंबर फोडला की केंबरे उडतात. फुले फळाच्या आत दडलेली, त्यामुळे परागीभवन या चिमुकल्या कीटकांशिवाय कुणालाच जमत नाही. त्यांचे पंखांचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे. तेवढ्यात योग्य अवस्थेतली फळे असलेले दुसरे झाड गाठावे लागते. रानात कुठे ना कुठे उंबर लागलेला असतो तो यामुळेच. बाकीची झाडे रिकामी असताना हरियाल, तांबट, वटवाघूळ, उदमांजर यांचे त्यावर भागते. झाडे विरळ झाली की कीटकांचे अंतर वाढते, फळ कमी धरते, पाखरे पांगतात. मग त्यांच्या विष्ठेतून रुजणारे बीही रुजायचे राहते.

शेकरूची अडचण वेगळी. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले ते मुख्यतः या राज्यप्राण्यासाठी. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीवरून फांदीवर जातो. मधली चार झाडे गेली तर त्याचा रस्ताच तुटतो, मग पलीकडे कितीही फळे असोत. मोकळ्या जागी ऊन उतरते आणि रानमोडी, घाणेरी माजतात. भेकराला, सांबराला लागणारा चारा त्यांच्याखाली दबतो. रानातली शिकार घटली की बिबट्या वस्तीतल्या कुत्र्या-शेळ्यांकडे वळतो, आणि दोष मात्र बिबट्याच्या माथी येतो.

मावळच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण अन्यायाचे. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला तो फांद्या छाटतो आणि खोड राखतो, कारण पुढच्या वर्षीही त्याला तेच झाड लागणार असते. बंगल्यासाठी प्लॉट साफ होतो तेव्हा खोडही उरत नाही.

कायदा इथे तोकडा पडतो. शहरी हद्दीबाहेरच्या मालकी जमिनीला लागू होणाऱ्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ आहेत. उंबर नाही, बेहडाही नाही. लाकूड किंवा उत्पन्न देणारे झाड मोजले गेले, रानाला पोसणारे सुटले. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात रोपे लावण्याची अट तर याहून फसवी. जुन्या बेहड्याला पडलेली ढोली रोपाला कुठून येणार?

कोकणातल्या संगमेश्वर भागात अशाच ढोलींत महाधनेश घरटे करतो. मादी ढोलीचे तोंड लिंपून आत बसते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने तिथे आणि भीमाशंकर परिसरात शाश्वत वनोपज संकलनाच्या फेअरवाइल्ड प्रमाणपत्राखाली बेहडा-हिरडा गोळा करण्याची व्यवस्था उभी केली. उभे झाड गावकऱ्याला दरवर्षी पैसे देऊ लागले, तर ते तोडून एकदाच पैसे घेण्याची घाई उरत नाही.

मावळातही हे करता येईल. त्याच्या जोडीला राज्य सरकारने कायद्याच्या अनुसूचीत उंबर आणि बेहडा घालावेत. तोडीच्या पंचनाम्यात खोडाच्या घेराबरोबर ढोली आहे का, झाड कोणत्या महिन्यांत लागते, फांद्या शेजारच्या झाडाला भिडतात का, ते ओढ्याच्या काठी आहे का, हेही लिहावे. आणि पंचनाम्याला गावातला एखादा जाणता गुराखी बोलवावा. कोणता उंबर कधी लागतो हे त्याला कागदाविना ठाऊक असते.